मार्केच्या वाइन: नऊ महिने पिऊन झाल्यावर

इटलीला चाललोय म्हटल्यावर मित्रांनी लगेच वाइनची यादी पाठवली. किआन्ती, बारोलो, प्रोसेक्को. यातलं काहीच आम्ही राहिलो तिथलं नव्हतं. बायकोला आंकोनाच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं, मी लॅपटॉपवरचं माझं काम घेऊन मागोमाग गेलो, आणि भाडं परवडेना म्हणून आंकोना सोडून जरा आत, येझी नावाच्या गावात घर घेतलं. प्रांताचं नाव मार्के. एका बाजूला आपेनीन डोंगर, दुसऱ्या बाजूला एड्रियाटिक समुद्र, आणि डोंगरातून समुद्राकडे फणीच्या दातांसारख्या शेजारी शेजारी उतरणाऱ्या नद्या.

सप्टेंबर ते जून असे नऊ महिने, दोघांत मिळून साठेक बाटल्या, सगळ्या पदरच्या पैशाने. आणि एक आधीच सांगतो, मी काही वाइनचा जाणकार नाही. निफाडकडच्या द्राक्षबागाइतदाराचा मुलगा आहे. घड बघून चार शब्द बोलता येतात, ग्लास बघून बोलायला आता कुठे शिकतोय.

सुरुवात वेर्दिक्किओपासून, कारण येझीत दुसरं काही सुचतच नाही. पांढरी वाइन, द्राक्षाच्या हिरवट झाकेवरून हे नाव पडलं. गावात सहकारी कांतीना आहे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेला वाइनचा कारखाना. तिथे सुटी वाइन मिळते, तिला स्फूझो म्हणतात. मी पाच लिटरचा कॅन घेऊन गेलो तर बाईंनी पेट्रोल पंपावर असतो तसला नळीचा पिस्तूल कॅनच्या तोंडात घातला आणि खटका दाबला. समोर लिटरचा आकडा फिरायला लागला. बारा युरोच्या आत पाच लिटर. मला इतकं हसू आलं की बाईंनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. घरी फोटो पाठवल्यावर नानांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला, "शून्य बघून भरलं का?"

इथे पहिली चूक केली. कॅन अर्धा झाला तरी तसाच ठेवला, रोज उघडायचा, एक ग्लास घ्यायचा. तीन आठवड्यांत व्हिनेगर. उरलेलं महिनाभर कोशिंबिरीत घातलं. सुटी वाइन आणली की त्याच दिवशी बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवायची, हे शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं.

बाटलीतल्या वेर्दिक्किओचं प्रकरण वेगळं आहे. ही वाइन जगात पोचली ती 1953 साली काढलेल्या एका बाटलीमुळे. जुन्या ग्रीक कुंभासारखी, कमरेत आवळलेली हिरवी बाटली. दिसते छान, पण फ्रीजच्या दारात धड उभी राहत नाही हे वापरल्यावर कळतं. आणि त्या बाटलीनेच हिला 'मासळीबरोबरची स्वस्त वाइन' असा शिक्काही बसला. तो अन्यायाचा आहे. आठ-दहा युरोची क्लास्सिको सुपेरिओरे, म्हणजे मूळ जुन्या पट्ट्यातली, जरा वरच्या प्रतीची घ्या. लिंबासारखा आंबटपणा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला कडवट बदाम लागतो. पहिल्यांदा वाटलं बाटली खराब आहे. डिसेंबरपर्यंत त्या कडवटपणाची वाट बघायला लागलो. वरचा प्रकार रिझेर्वा, त्याला 2010 पासून डीओसीजी म्हणजे इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे. ती पाच-सात वर्षं ठेवलेली प्यायलो तर ही पांढरी वाइन आहे यावर विश्वास बसेना.

रिझेर्वाची एक बाटली मात्र फुकट गेली. अठरा युरो, उघडली तर भिजलेल्या गोणपाटाचा वास. बुचाचा दोष, अगदी चांगल्या बाटलीलाही लागू शकतो. मी दुकानात परत नेली तर दुकानदाराने वास घेतला, खांदे उडवले आणि 'उघडलेली बाटली आम्ही घेत नाही' म्हणाला. तिथे परत गेलो नाही.

याच द्राक्षाची दुसरी वाइन मातेलिका गावाची. येझीची दरी समुद्राकडे उघडी, मातेलिकाची दरी उत्तर-दक्षिण पसरलेली आणि डोंगरांनी बंद. समुद्राचा वारा तिथे पोचत नाही, दिवसा ऊन, रात्री कडक गारठा. आपल्याकडे निफाडचा पारा उतरला की नाना रात्री बागेला पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवतात. इथे तोच गारठा द्राक्षातला आंबटपणा राखतो म्हणून मिरवतात! दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून पिऊन बघा. मातेलिकाची जास्त सरळ आणि धारदार. मला येझीचीच आवडते. बायकोचं मत उलट आहे, आणि तिने ते इथे लिहायला सांगितलं आहे.

आता माझी खरी आवड. येझीपासून थोड्याच अंतरावर मोर्रो दाल्बा नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. (पिएमाँतमधल्या आल्बा गावाशी याचा काही संबंध नाही. इथली वाइन मी आधी तिकडचीच समजत होतो.) तिथलं लाल द्राक्ष लाक्रिमा. लाक्रिमा म्हणजे अश्रू. पिकल्यावर मण्याची साल तडकते आणि रसाचा थेंब बाहेर येतो, म्हणून हे नाव. हे मला एका बागेच्या कडेला उभं राहून कळलं आणि मी काही क्षण गप्पच झालो. मणी तडकणं म्हणजे आमच्या घरात सुतक. जानेवारी-फेब्रुवारीत बेमोसमी पाऊस झाला की नाना पहाटे टॉर्च घेऊन बागेत जातात, एकेक घड उलटा करून बघतात, आणि परत आल्यावर कुणाशी बोलत नाहीत. व्यापारी फोन उचलत नाही. आणि इथे त्याच तडकण्याचं नाव लाडाने ठेवून बाटलीवर छापलंय. अर्थात तडकलेला मणी इथेही कुजतो, शेतकऱ्याचा जीव इथेही टांगणीलाच असतो, हे त्या बागवाल्याने सांगितलं. मधे एकदा हे द्राक्ष जवळपास संपायला आलं होतं. 1985 साली अधिकृत दर्जा मिळाला तेव्हा लागवड अगदी थोडी उरली होती.

चव? बूच काढलं की गुलकंद. खरंच गुलकंद, पानाच्या टपरीवरचा. मग जांभळ्या फुलांचा वास आणि थोडी मिरी. अंगाने हलकी, तुरटपणा फार नाही, उन्हाळ्यात थोडी गार करूनही चालते. नऊ-दहा युरो. आपल्या मसाल्यापुढे टिकलेली ही एकच लाल वाइन. मटणाच्या रश्शाबरोबर प्यायलो. ठेच्याबरोबर कुठलीच वाइन पिऊ नका, पैसे वाया.

रोस्सो कोनेरो आंकोनाच्या दक्षिणेकडची. समुद्रातून सरळ उठलेला 572 मीटरचा पांढऱ्या चुनखडीचा कोनेरो डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावर बागा. द्राक्ष मोंतेपुल्चानो. याच नावाचं गाव तोस्कानात आहे आणि तिथली प्रसिद्ध वाइन मात्र सांजोवेझे द्राक्षाची, हा घोळ लक्षात ठेवा, नाहीतर दुकानात भलतंच हातात येईल. वाइन काळीभोर, तुरट, दमदार. लवकर उघडली तर जीभ धरते. आम्ही एक संध्याकाळी जेवताना उघडली, आवडली नाही, दुसऱ्या दिवशी उरलेली प्यायलो तर तीच छान लागली. दक्षिणेकडच्या रोस्सो पिचेनोमध्ये मोंतेपुल्चानोबरोबर सांजोवेझे मिसळतात. रोजच्या जेवणाला बरी, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सेर्रापेत्रोनाला गेलो. डोंगरातलं गाव, बसची सोय जवळजवळ नाहीच, गाडी मागून घ्यावी लागली. पण बघितलं ते कधी विसरणार नाही. माडीवर छतापासून जमिनीपर्यंत काळ्या द्राक्षांचे घड टांगलेले, खिडक्या उघड्या, आत तासगावच्या बेदाणा शेडसारखा आंबूस-गोड वास. वेर्नाच्चा नेरा हे ते द्राक्ष. निदान चाळीस टक्के माल असा सुकवतात. बाकीच्याची वाइन आधीच आंबवलेली असते. सुकलेल्यांचा रस त्यात घालून दुसऱ्यांदा आंबवतात आणि बुडबुड्यांसाठी तिसऱ्यांदा. निघते ती लाल, फेसाळ वाइन, गोड आणि कोरडी अशा दोन्ही प्रकारची. मी कोरडी आणली. पहिल्या घोटाला काय चाललंय कळत नाही, लाल वाइनला बुडबुडे कशाला? दुसऱ्या ग्लासपर्यंत सॉसेजची प्लेट संपलेली असते. रोज पिण्याची नाही, पण एकदा घ्याच.

दक्षिणेला ओफ्फीदा गावाकडे पेकोरीनो ही पांढरी वाइन मिळते. याच नावाच्या चीजशी गल्लत होते. मेंढीला पेकोरा म्हणतात, त्यावरून दोन्ही. उत्पादन कमी म्हणून शेतकऱ्यांनी या वेली काढून टाकल्या होत्या. 1980च्या दशकात ग्वीदो कोच्ची ग्रिफोनी या बागाइतदाराने अर्क्वाता देल त्रोन्तोकडच्या डोंगरात उरलेल्या जुन्या वेली शोधल्या, काड्या आणून आपल्याकडे लावल्या. आता ती सगळीकडे मिळते. भरदार आणि तरीही आंबट. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडची भोकरी द्राक्षं गेली, ती कोण शोधणार?" शेजारीच विकली जाणारी पास्सेरीना मला पाणचट वाटली, तीन वेगवेगळ्या बाटल्या घेऊनही. वीनो कोत्तो म्हणजे रस आटवून केलेली वाइन, तिला काकवीचा वास येतो. लहानपणी गुऱ्हाळात बसलेल्यांना आवडेल, मला एक घोट पुरला.

जूनमध्ये परत निघताना खरा निवाडा झाला. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. बायकोच्या बॅगेत पुस्तकं, तेव्हा हिशोब माझ्या एकट्याच्या बॅगेचा. एक वेर्दिक्किओ रिझेर्वा, एक लाक्रिमा, आणि पाचशे मिलीची विशोले, म्हणजे रानटी आंबट चेरी घातलेली गोड वाइन, आईसाठी. पाऊण, पाऊण आणि अर्धा, बरोबर दोन लिटर. कोनेरो मागे राहिली.

घरी लाक्रिमा उघडली. नाना पीत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला, म्हणाले, "गुलकंद." मग खाली ठेवून विचारलं, "तडकलेल्या मालाची आहे ना ही? किलोला काय भाव देतात तिकडे?"