मामाच्या पिशवीतील तीन लेन्स आणि माझा पहिला डीएसएलआर

ठाण्याच्या नौपाड्यातील जुने घर रिकामे करताना मामाने कॅमेऱ्याची कातडी पिशवी माझ्या स्वाधीन केली. तिच्यात निकॉनची ५० मिलिमीटर एफ १.८, निकॉनचीच १३५ मिलिमीटर एफ ३.५ आणि झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली ५८ मिलिमीटर एफ २ हेलिओस अशा तीन लेन्स होत्या. त्याचा निकॉन एफएम२ हा रोलचा कॅमेरा मात्र मामाने स्वतःकडेच ठेवला, कारण त्यात अजून अर्धा रोल शिल्लक आहे. त्याच सुमारास मी मुंबईच्या फोर्टातील बोरा बाजारातून निकॉन डी३३०० हा माझा पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) वापरलेल्या अवस्थेत घेतला होता. या कॅमेऱ्यावर त्या तीन लेन्स गेले वर्षभर लावून पाहिल्या. नव्याने कॅमेरा घेतलेल्या आणि घरात अशी एखादी पिशवी असलेल्या वाचकांना उपयोगी पडेल, अशा बेताने तो अनुभव येथे मांडत आहे.

निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी, १९५९ पासून चालत आलेला असल्यामुळे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते, हे खरे आहे. मात्र ती बसली म्हणजे कॅमेऱ्याने तिला ओळखले, असे होत नाही. १९७७ पासून आलेल्या एआय प्रकारच्या लेन्स आपले अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) कड्यावरील एका खाचेद्वारे कॅमेऱ्याला कळवतात. ती खाच वाचणारी छोटी दांडी डी३३०० वर नाही आणि लेन्समध्ये चिपही नाही, त्यामुळे कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर पूर्ण मुका होतो. ‘एम’ (सगळे आकडे हाताने ठरवण्याचा मोड) सोडून इतर कोणत्याही मोडमध्ये शटरसुद्धा पडत नाही. पहिल्या दिवशी लेन्स बिघडली आहे असे समजून मी ती तीनदा काढली आणि तीनदा बसवली. १९८२ मध्ये आलेला एफएम२ हीच ५० मिलिमीटरची लेन्स लावल्यावर प्रकाश मोजून दाखवतो आणि त्याच्यापेक्षा बत्तीस वर्षांनी धाकटा कॅमेरा गप्प बसतो, ही गंमत मामाला फारच आवडली. डी७०००, डी७१०० आणि डी७२०० मध्ये मात्र ही सोय आहे. त्यामुळे ज्यांनी अजून कॅमेरा घेतलेला नाही आणि ज्यांच्या घरी जुन्या निकॉन लेन्स आहेत, त्यांनी खरेदीपूर्वी याचा अवश्य विचार करावा.

मीटरवाचून काम चालते, पण त्याची सवय व्हायला पंधरा दिवस लागतात. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवावा, अ‍ॅपर्चर एफ ८ वर आणि शटर १/४०० वर न्यावे. एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील अंधार-उजेडाचा आलेख, पाहावा आणि त्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकलेला असेल, तर शटरचा वेग वाढवावा. रोलच्या काळात हा अंदाज चुकला तर आठवड्याने कळत असे, आता तो दोन सेकंदांत कळतो. अ‍ॅपर्चर लेन्सच्या कड्यावरूनच बदलायचे असते. त्याचा टक टक असा आवाज आणि बोटाला लागणारा खटका इतका नेमका आहे की, काही दिवसांनी आकडा न पाहताही हात योग्य जागी थांबतो. फ्रेम जुळवताना चित्र पूर्ण उजेडात दिसते आणि शटर दाबताच आतली पाती मिटतात, ही यांत्रिक जोडणी मात्र डी३३०० ने राखली आहे.

खरी परीक्षा फोकसची असते. या लेन्सवर ऑटोफोकस मुळातच नाही आणि डी३३०० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये एफएम२ सारखी, दुभंगलेली प्रतिमा जुळवून दाखवणारी काचही नाही. आजच्या कॅमेऱ्यांतील उजळ काचेवर एफ १.८ ला स्पष्टतेची खोली (किती अंतरातले स्पष्ट येते ते) खरोखर किती उथळ आहे हे दिसतच नाही. ती साधारण एफ २.८ इतकी भासते, त्यामुळे डोळ्याला नीट वाटलेला फोटो पडद्यावर मोठा केला की पुसट निघतो. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातील हिरवा ठिपका मदतीला येतो, कारण एफ ५.६ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर तो चालतो. तोही मात्र एका बिंदूवर न लागता कडे थोडे फिरेपर्यंत लागलेलाच राहतो. मी जवळच्या बाजूने कडे फिरवत आणते, ठिपका जिथे लागतो आणि जिथे विझतो त्या दोन जागा लक्षात ठेवते आणि मधोमध येऊन थांबते. चष्मा असणाऱ्यांनी त्याआधी आयपीसजवळचे डायॉप्टर (डोळ्याच्या नंबरानुसार दृश्य स्पष्ट करणारे चाक) जुळवून घ्यावे. ते न जुळवता मी पहिला महिना लेन्सला दोष देत होते.

५० मिलिमीटरची लेन्स डी३३०० च्या लहान सेन्सरवर ७५ मिलिमीटरसारखी वागते. त्यामुळे घरातील अरुंद खोलीत चार माणसे एकत्र बसवता येत नाहीत, पण एका माणसाचा चेहरा मात्र फार छान येतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स त्याच लांबीवर एफ ५.६ च्या आसपास असते. तिच्या तुलनेत ही जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि संध्याकाळी तलावपाळीवर दिवे लागल्यानंतर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. तिथल्या मासुंदा तलावाच्या काठावर चणेवाल्याच्या हातगाडीवरील एका बल्बच्या उजेडात मी त्याच्या हातांचा फोटो काढला. एफ २.८, १/१२५ आणि आयएसओ १६०० असे आकडे होते. बोटांच्या सुरकुत्यांत अडकलेले मिठाचे कण त्यात मोजता येतात आणि मागचे तळ्यातील दिवे गोल होऊन विरघळले आहेत.

याच्या उलट अनुभव मामलेदार मिसळीच्या टेबलावर आला. ही लेन्स ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, म्हणून मी बशीवर ओणवून एफ १.८ वर फोटो काढला. अर्ध्या मीटरवर या अ‍ॅपर्चरला स्पष्टतेची खोली जेमतेम सात मिलिमीटर भरते, याचा मला विसर पडला होता. फोटोत शेवेच्या चार काड्या लख्ख आल्या आणि तर्री, पाव, कांदा सगळे धुक्यात गेले. एफ ५.६ वर दुसरा फोटो काढेपर्यंत रस्सा निवला होता. मामा समोर बसून आपली मिसळ संपवत म्हणाला, “अगं, आधी लेन्सवरची पट्टी वाच, मग डोळा लाव.” अंतराच्या आकड्यांजवळ अ‍ॅपर्चरनुसार रंगीत रेघा कोरलेल्या आहेत आणि कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते त्या सांगतात. आजच्या बहुतेक स्वस्त लेन्सवर ही पट्टीच नसते. मात्र ती पूर्ण फिल्मच्या हिशेबाने आखलेली असल्यामुळे लहान सेन्सरवर एक स्टॉप (एफच्या आकड्यांचा एक टप्पा) कमी धरून वाचावी.

दोषही सांगितले पाहिजेत. एफ १.८ वर चकाकत्या कडांना जांभळी किनार येते, सूर्य समोर असला की सगळा फोटो फिकट पडतो आणि उत्तम स्पष्टता एफ ४ पासून पुढेच मिळते.

१३५ मिलिमीटर लेन्स १९७७ पूर्वीची, म्हणजे एआयच्याही आधीची आहे. डी३३०० वर ती निर्धास्त लावता येते, परंतु दांडी असलेल्या महागड्या कॅमेऱ्यांवर अशी लेन्स जबरदस्तीने बसवल्यास ती दांडी मोडू शकते. तिची लांबी येथे २०२ मिलिमीटरइतकी होते. हिवाळ्यात ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला गेले, तेव्हा मी तीच घेऊन गेले आणि पूर्ण फसले. हलती बोट, उडणारे पक्षी आणि हाताने फोकस ही तीन टोके एकत्र जुळत नाहीत. शंभराहून अधिक फोटोंतून दोन निघाले आणि त्या दोहोंत पक्षी चिखलात उभे होते.

हेलिओसचा विषय लवकर संपतो. तिचा माउंट ४२ मिलिमीटरचा आट्यांचा आहे आणि त्याचे सेन्सरपासूनचे अंतर ४५.४६ मिलिमीटर ठरलेले आहे, तर निकॉनमध्ये ते ४६.५ आहे. साध्या अडॅप्टरने ती लेन्स गरजेपेक्षा पुढे राहते आणि काही मीटरांपलीकडचे काहीच फोकस होत नाही. कॅननच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ असल्यामुळे तेथे तीच लेन्स साध्या अडॅप्टरने अनंतापर्यंत चालते. मी ती कॅनन वापरणाऱ्या मावसभावाला देऊन टाकली.

ठाण्याच्या पावसाळ्याविषयी लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. पिशवीत मामाने डांबराच्या गोळ्या आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली होती. त्यांपैकी कशानेही बुरशी थांबली नव्हती. मोबाइलची टॉर्च मागून टाकली, तेव्हा १३५ च्या पुढच्या काचेमागे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी सफाईचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी लेन्स परत पिशवीत घातली. ५० मिलिमीटर सुदैवाने स्वच्छ होती. ती आता हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असते. जेलचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा वापरते आणि डब्यातील छोटे आर्द्रतामापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवते. जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांनी दुकानातच टॉर्च टाकून पाहावे, अ‍ॅपर्चरची पाती झटकन मिटतात का आणि त्यांच्यावर तेलाचे डाग आहेत का हे तपासावे आणि फोकसचे कडे दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघावे.

ज्यांना घरातून लेन्स मिळालेली नाही आणि मीटरही हवा आहे, त्यांनी २०११ मध्ये आलेली ५० मिलिमीटर एफ १.८ ‘जी’ लेन्स घ्यावी. तिच्यात मोटर असल्यामुळे डी३३०० वर ऑटोफोकस चालतो. तिच्याहून स्वस्त मिळणारी ‘डी’ लेन्स या कॅमेऱ्यावर मीटर दाखवते, फोकस मात्र हातानेच करावा लागतो, आणि तिचे कडे एफ २२ वर लावून ठेवले नाही तर कॅमेरा चूक दाखवून थांबतो. मामाची ५० मी परत करणार नाही. त्याचा अर्धा रोल संपवायचा असेल, तर त्याने ती माझ्याकडून दोन दिवसांसाठी मागून न्यावी, असे आमचे ठरले आहे.