सुपरडॉग, शिकागो : काचेला अडकवलेल्या ट्रेवरचे आठ महिने

शिकागोच्या वायव्य भागात मिलवॉकी आणि डेव्हन या रस्त्यांच्या नाक्यावर, छपरावर डोळे मिचकावणाऱ्या दोन अजस्र हॉटडॉग-बाहुल्या दिसल्या की गाडी आत वळवावी. मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या दांपत्याने १९४८ मध्ये सुरू केलेले हे ड्राइव्ह-इन आहे आणि त्या बाहुल्यांना नावेही त्यांचीच आहेत. गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही महिन्यातून दोनदा तरी येथे जेवतो.

गाडी उभी केली की शेजारच्या स्पीकरवर आपण काय हवे ते सांगायचे. थोड्या वेळाने कारहॉप, म्हणजे गाडीपाशी खाणे आणून देणारी कर्मचारी, येऊन अर्ध्या उतरवलेल्या काचेला ट्रे अडकवून जाते आणि खाणे झाल्यावर तोच ट्रे न्यायला परत येते. हे दुसरे येणेच मला मोलाचे वाटते, कारण खिडकीतून पुडके हाती देऊन पुढे काढणाऱ्या दुकानांत मागच्या गाडीचे दिवे सतत आरशात दिसत राहतात; येथे मात्र तासभर गप्पा मारल्या तरी चालते.

खाणे डब्यात येते. नागमोडी कापाच्या फ्राइज, त्यांच्या सोबतीला खसखस लावलेल्या पावातला शुद्ध बीफचा सॉसेज, आणि सोबत मोहरीचा सॉस, पिकॅलिली (बारीक चिरलेल्या भाज्यांचे आंबटगोड लोणचे), कांदा, काकडीचे लोणचे व मिरची. शिकागोत इतरत्र हॉटडॉगवर ताज्या टोमॅटोच्या फोडी घालतात, पण येथे त्यांच्या जागी खारवलेला हिरवा टोमॅटो असतो. त्याचा करकरीत आंबटपणा आपल्या कैरीच्या फोडीची आठवण करून देतो, आणि पहिला घास मी नेहमी त्याचाच घेतो. केचप मागण्याचा मोह आवरावा, कारण हॉटडॉगवर केचप हा या शहरात जवळजवळ धर्मभ्रष्टपणा मानला जातो. आमच्याकडे बीफ न खाणारी दोन माणसे आहेत. ती फ्राइज आणि घट्ट माल्टवर (माल्टची पूड घातलेल्या मिल्कशेकवर) आनंदाने भागवतात, तरी तशांनी केवळ जेवणासाठी मुद्दाम लांबून येऊ नये. कारहॉपला टिप देण्यासाठी सुटे पैसे जवळ असलेले बरे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी थंडी सोसवेना म्हणून मी ट्रे अडकवलेला असतानाच काचेचे बटण दाबले. ट्रे कलंडला आणि चॉकलेट माल्ट दाराच्या आतल्या बाजूने थेट सौभाग्यवतींच्या नव्या बुटांत गेले. तेव्हापासून ट्रे त्यांच्याच बाजूला अडकवला जातो आणि काचेचे बटणही त्यांच्याच ताब्यात असते.