मोकळ्या जागेचा आराखडा: एका सेवेचा अनुभव

आमच्या गृहसंकुलातील मोकळ्या जागेची रचना एका लँडस्केप आर्किटेक्टच्या कार्यालयाकडून करून घेतली. पहिल्या भेटीत त्यांनी झाडांची यादी पुढे केली नाही. पावसाचे पाणी कुठून वाहत येते, कुठे साचते आणि दुपारी सावली कुठे पडते, हे पाहण्यातच त्यांनी तीन दिवस घालवले, आणि ही पद्धत मला मनापासून आवडली. फरसबंदीलगतचा लागवडीचा पट्टा त्यांनी वीतभर खोल ठेवला आहे, त्यामुळे वाटेवरचे पाणी थेट गटारात न जाता तिथल्या मातीत मुरते.

बसण्याची व्यवस्था हा तर या कामाचा सर्वांत सरस भाग आहे. सार्वजनिक जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रीकरण करून १९८० मध्ये दाखवून दिले होते की, जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या त्यांना विशेष आवडतात. आमच्याकडेही हलक्या खुर्च्या आहेत. ज्येष्ठ मंडळी त्या सावलीबरोबर सरकवत गप्पा मारतात.

तक्रार आहे ती देखरेखीची. प्रत्यक्ष काम सुरू असताना त्यांच्या फेऱ्या कमी पडल्या आणि ठेकेदाराने जुन्या झाडाच्या बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतले. मुळांना हवा-पाणी मिळेनासे झाले असते. आम्ही कळवल्यावर ते हाताने फोडून काढले गेले, परंतु करारात देखरेखीच्या भेटींची संख्या आधीच लिहून घ्यावी.