तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या पाच वाटा: संताप कुठे पिकतो, माहिती कुठे मिळते

जून २०२५ मध्ये १६ अब्ज पासवर्ड फुटल्याची बातमी जगभर गाजली. मथळ्यांत ॲपल, गूगल, फेसबुक ही नावं ठळक होती. सूर असा, की या कंपन्यांच्या तिजोऱ्याच कुणीतरी फोडल्या. प्रत्यक्षात त्यातल्या एकाही कंपनीत नवी घरफोडी झाली नव्हती. लोकांच्या संगणकांत शिरलेल्या माहितीचोर मालवेअरने गोळा केलेले आणि जुन्या गळतींतले लॉगिन असे ३० संच सापडले होते. त्यांची बेरीज १६ अब्ज, आणि त्यात एकच नोंद अनेकदा आलेली. ब्लीपिंग कॉम्प्युटर या संगणक-सुरक्षेच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाने लगोलग हा खुलासा छापला. ज्याच्यापर्यंत फक्त पहिला मथळा पोचला, तो घाबरून पासवर्ड बदलत बसला. ज्याला खुलासा मिळाला, त्याला कळलं की संगणकात मालवेअर असेल तर आधी तो काढायचा, नाहीतर नवा पासवर्डही तिथूनच जाणार.

दोघांना वेगळी बातमी मिळाली ती वेगळ्या वाटेमुळे. म्हणून ‘कोणतं संकेतस्थळ निःपक्ष’ हा प्रश्न आम्ही दुसऱ्या क्रमांकाचा मानतो. बातमी कुठल्या वाटेने येते आणि त्या वाटेवर कुणाला कशाचे पैसे मिळतात, हे आधी बघायचं. खालची तुलना त्याच कसोटीवर आहे.

फोनचा आयता फीड आणि समाजमाध्यमं

कष्ट शून्य, म्हणून बहुतेक जण इथेच असतात. गूगल डिस्कव्हर, ब्राउझरच्या नव्या टॅबमधल्या बातम्या, फेसबुक, एक्स हे सगळं यातच धरा. इथे बातमी निवडली जाते ती तुम्ही कशावर थांबाल, कशावर बोट ठेवाल या अंदाजावर. तो अंदाज संतापाकडे का झुकतो, याचे आकडे उपलब्ध आहेत. अपवर्दी या संकेतस्थळाने आपल्या मथळ्यांवर केलेल्या प्रयोगांचा मोठा साठा संशोधकांना मिळाला. त्यातल्या १ लाखाहून जास्त मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये छापून आला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. एका मथळ्यापुरता हा फरक किरकोळ आहे. पण दिवसाला शेकडो मथळे तपासून जिंकणारा पुढे ढकलणारं यंत्र मध्ये आलं, की त्या २.३ टक्क्यांवरच सगळ्या पानाचा सूर ठरतो.

फेसबुकने २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजी प्रतिक्रियांना लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आलं ते २०२० मध्ये. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. मधली तीन वर्षं, ज्या पोस्टवर लोक चिडले ती आपोआप वर चढत होती.

हीच वाट ठेवायची असेल तर निदान एवढं करा. बातमीच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘या स्रोताच्या बातम्या नकोत’ हा पर्याय निवडा. ‘या विषयात रस नाही’ हा पर्याय त्याहून कच्चा आहे, कारण तो विषय दाबतो आणि तोच भडक स्रोत दुसऱ्या विषयातून परत येतो. आणि रागाने उघडलेली बातमीही यंत्राच्या हिशेबात आवडीची ठरते, हे लक्षात असू द्या. खोटी आहे हे बघण्यासाठी म्हणून उघडली तरी क्लिक तो क्लिकच.

संकलक: टेकमीम, हॅकर न्यूज

इथे कुणीतरी निवड करून दिलेली असते. टेकमीम २००५ पासून चालतंय. तिथले संपादक बरेचदा मथळा स्वतः नव्याने लिहितात, आणि एका बातमीखाली तीच बातमी देणाऱ्या इतर संकेतस्थळांचे दुवे लावतात. तुलना करायची असेल तर याहून सोपी जागा नाही. दहा मिनिटांत दिवसाचा अंदाज येतो.

हॅकर न्यूज २००७ पासून आहे आणि वाय कॉम्बिनेटर ही गुंतवणूक संस्था ते चालवते. मूळ मथळा ठेवा, पण तो दिशाभूल करणारा असेल तर बदला, असा तिथला नियम आहे. राजकारणाच्या बहुतेक बातम्या विषयाबाहेरच्या धरल्या जातात. ऐकायला हे छान वाटतं, पण याची दुसरी बाजूही बघायला हवी. वाचकांनी निशाण लावलं की बातमी खाली जाते. त्यामुळे वाद पेटवणारी पण महत्त्वाची बातमी, म्हणजे पाळत ठेवण्याचं तंत्र, निर्यातबंदी, कामगारांचे प्रश्न असलं काही, दुपारपर्यंत पहिल्या पानावरून गायब झालेली असू शकते. निवडणारे वाचक मुख्यतः प्रोग्रामर आणि स्टार्टअपवाले, तेव्हा कल त्यांचाच. सर्वसामान्य वापरकर्त्याला भिडणाऱ्या गोष्टी तिथे मागे पडतात.

फीड रीडर

आमची पसंती यालाच. संकेतस्थळाची आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी) ॲपमध्ये जोडायची. बातम्या वेळेच्या क्रमाने येतात आणि मध्ये कुठलंही गणित बसत नाही. २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झालं तेव्हा हा प्रकार संपला असं अनेकांना वाटलं. फीड्स मात्र चालूच राहिल्या. फीडली आणि इनोरीडर ब्राउझरमध्ये आणि फोनवरही चालतात. नेटन्यूजवायर ॲपलच्या उपकरणांवर मोफत आहे. स्वतःचा सर्व्हर असेल तर फ्रेशआरएसएस किंवा मिनिफ्लक्स.

जोडणी अशी: रीडरमध्ये संकेतस्थळाचा साधा पत्ता टाका, बहुतेक वेळा फीड आपोआप सापडते. नाही सापडली तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत टाकून बघा, वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळांना हे चालतं. यूट्यूब वाहिनीचा पत्ताही बहुतेक रीडर घेतात, म्हणजे शिफारशींच्या रांगेत न शिरता फक्त त्या वाहिनीचे नवे व्हिडिओ दिसतात.

हे बिघडतं कुठे, तर पहिल्या आठवड्यात. उत्साहात साठ-सत्तर फीड जोडल्या जातात, न वाचलेल्यांचा आकडा हजारात जातो आणि माणूस कंटाळून पुन्हा आयत्या फीडकडे वळतो. खरी अडचण फीडच्या संख्येत कमी आणि वेगांच्या मिसळीत जास्त असते. मोठं संकेतस्थळ दिवसाला डझनावारी बातम्या टाकतं, चांगला तज्ज्ञ महिन्यातून दोनदा लिहितो. दोघं एका फोल्डरमध्ये असले की तज्ज्ञ बुडतो. म्हणून १२ ते १५ फीडपासून सुरुवात करा आणि दोन फोल्डर करा: संथ आणि वेगवान. संथ फोल्डर पूर्ण वाचायचं. वेगवानवर फक्त मथळ्यांवरून नजर फिरवायची आणि तीन दिवसांहून जुनं सगळं ‘वाचलं’ म्हणून पुसून टाकायचं. मोठ्या संकेतस्थळाची पूर्ण फीड घेण्यापेक्षा एखाद्या विभागाची किंवा एका बातमीदाराची फीड मिळते का पाहा.

रीडरमधल्या चाळणीच्या (नको त्या बातम्या गाळण्याच्या) नियमांत एक चूक सर्रास होते: राजकारण नको म्हणून लोक नेत्यांची नावं गाळतात. मग टिकटॉकबाबतचा एप्रिल २०२४ चा अमेरिकी कायदा आणि १७ जानेवारी २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरणं, दोन्ही बातम्या नजरेआड होतात. ॲप कुणाच्या मालकीचं असावं हे ठरवणारा निर्णय तंत्रज्ञानाच्या बाहेरचा कसा? नावांऐवजी भडकवणारे शब्द गाळा. इंग्रजी मथळ्यांत ‘स्लॅम्स’, ‘मेल्टडाउन’, ‘बॅकलॅश’, ‘फ्युरियस’ हे चार शब्द गाळले तरी पान बरंच शांत होतं. नियम फक्त मथळ्याला लावा, मजकुराला नको, नाहीतर चांगले लेखही अडकतात.

आठवड्यातून एकदा ओपीएमएल फाइल, म्हणजे जोडलेल्या फीड्सची यादी, उतरवून ठेवा. ॲप बंद पडलं किंवा बदलावंसं वाटलं तर सगळी यादी पाच मिनिटांत दुसरीकडे जाते.

वर्गणी भरून वाचलेली बातमी

क्लिकचा दबाव इथे खरोखर कमी होतो. एलडब्ल्यूएन हे संकेतस्थळ लिनक्स या संगणक प्रणालीबद्दल १९९८ पासून लिहितंय आणि मुख्यतः वर्गणीदारांच्या पैशांवर चालतं. ताजे लेख आधी वर्गणीदारांना, काही दिवसांनी सगळ्यांना खुले. तिथे ‘धक्कादायक’ मथळा देऊन त्यांना काहीच मिळत नाही. एकट्याने चालवलेल्या वर्गणीच्या वार्तापत्रांत मात्र वेगळा धोका असतो. वाचक एका कंपनीवर चिडलेले असतील तर लेखकाला तोच राग दर आठवड्याला वाढावा लागतो, नाहीतर वर्गणी गळते. वर्गणी भरण्याआधी मागचे दहा अंक चाळा आणि एवढंच मोजा: लेखकाने आपल्या वाचकांना न आवडणारी बाजू किती वेळा मांडली, स्वतःची चूक किती वेळा कबूल केली.

वर्गणी असो वा नसो, मालक कोण हे पाहावंच लागतं. जानेवारी २०१३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाच्या संपादकांनी सीईएस या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रदर्शनातलं सर्वोत्तम उपकरण म्हणून डिश या टीव्ही कंपनीच्या हॉपर या रेकॉर्डर यंत्राची निवड केली होती. सीनेटची तेव्हाची मालक सीबीएस ही टीव्ही कंपनी आणि तिचा डिशशी त्याच यंत्रावरून खटला चालू होता. सीबीएसने ती निवड मागे घ्यायला लावली. एका बातमीदाराने राजीनामा दिला आणि प्रदर्शनाच्या आयोजकांनी सीनेटकडून पुरस्काराचं काम काढून घेतलं. यात राजकीय डावं-उजवं काही नव्हतं.

आज हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांत आहे. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२३ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर खटला भरला, झिफ डेव्हिस या माध्यम कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये. उलट व्हॉक्स मीडिया आणि काँडे नास्ट या माध्यम कंपन्यांनी अनुक्रमे मे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीशी करार केले. द व्हर्ज, वायर्ड, आर्स टेक्निका, सीनेट या चौघांपैकी कोण कुठल्या बाजूच्या छत्राखाली आहे हे एकदा कागदावर लिहून ठेवा: व्हर्ज व्हॉक्सचं, वायर्ड आणि आर्स काँडे नास्टची, सीनेट २०२४ पासून झिफ डेव्हिसचं. बातमीदार प्रामाणिक असू शकतात, बहुतेक असतातही. तरी लेखात हा संबंध स्पष्ट सांगितलेला दिसला नाही तर ती उणीवच.

मूळ कागद

सर्वांत कष्टाची वाट, आणि सुरक्षेच्या बातम्यांसाठी तिला पर्याय नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सगळ्या लिनक्सवर दुरून ताबा, धोका १० पैकी ९.९’ अशी हवा तपशील बाहेर यायच्या आधीच तापली. २६ तारखेला तपशील आले, तेव्हा दोष कप्स या छपाई यंत्रणेत निघाला. तो घडायला संगणकावर कप्स-ब्राउज्ड ही सेवा चालू हवी, यूडीपी ६३१ हे पोर्ट हल्लेखोराला पोचण्याजोगं हवं, आणि वर वापरकर्त्याने त्या बनावट प्रिंटरवर काहीतरी छापायला पाठवायला हवं. दोष खरा होता आणि उपाय होता सेवा बंद करून पोर्ट अडवणं. मथळ्यात यातलं काहीच नव्हतं.

दोषाचा सीव्हीई क्रमांक (प्रत्येक सुरक्षा-दोषाला मिळणारा ओळख क्रमांक) शोधून नोंद उघडली की चार ओळी वाचायच्या: हल्ला नेटवर्कवरून होतो की त्याच यंत्रावरून, आधी लॉगिन लागतं का, वापरकर्त्याने काही करावं लागतं का, आणि कुठल्या आवृत्तीत दुरुस्ती आली. मग अमेरिकेच्या सीसा या सायबर-सुरक्षा संस्थेच्या ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या’ यादीत तो क्रमांक आहे का ते बघायचं. यादीत असेल तर आजच अपडेट करा. नसेल आणि हल्ल्यासाठी आधी त्याच यंत्रावर प्रवेश लागत असेल, तर नेहमीच्या अपडेटची वाट पाहिली तरी चालतं.

कायद्यांचंही तसंच. युरोपच्या यूएसबी-सी नियमावर एका गटाने ‘नवकल्पनेचा गळा घोटला’ म्हटलं, दुसऱ्याने ‘ग्राहकांचा विजय’. मूळ निर्देशात दिसतं ते असं: फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून लागू, फक्त तारेने होणाऱ्या चार्जिंगपुरता, आणि चार्जरविना उपकरण घेण्याची सोय विक्रेत्याने द्यायची. खरेदी करताना उपयोगाच्या त्याच चार गोष्टी. अशा बातमीची चाचणी सोपी आहे. नेत्यांची आणि पक्षांची नावं झाकून ती पुन्हा वाचायची. खाली कलम, तारीख, उपकरण किंवा दंडाची रक्कम उरली तर वाचण्यासारखी. नुसती विशेषणं उरली तर बंद करा.

कल मोजणारी ॲप्स

बातमी देणाऱ्याचा राजकीय कल दाखवणारी ग्राउंड न्यूज आणि ऑलसाइड्स इथे फारशी कामाची नाहीत. त्यांची मोजपट्टी अमेरिकी डाव्या-उजव्याची, आणि शिक्का पूर्ण संकेतस्थळावर बसतो, एका लेखावर नाही. १६ अब्ज पासवर्डच्या बातमीत चूक डाव्या-उजव्याची नव्हती, घाईची होती. ऑलसाइड्स तर स्वतःच सांगते, की आपली श्रेणी कल दाखवते, अचूकपणा नव्हे. निवडणूक आणि तंत्रज्ञान जिथे गुंतलेलं असतं तिथे ग्राउंड न्यूजचा एक उपयोग आहे: कुठल्या बाजूने बातमी छापलीच नाही हे दिसतं.

कुणी काय घ्यावं

दिवसाला दहा मिनिटं असतील तर टेकमीमचं पान, आणि आयता फीड पूर्ण बंद. अर्धा तास असेल तर फीड रीडर, वर सांगितलेल्या दोन फोल्डरांसह. सर्व्हर किंवा कार्यालयाचे संगणक सांभाळत असाल तर रीडरमध्ये तुम्ही वापरता त्या प्रत्येक सॉफ्टवेअरची सुरक्षा-सूचनांची फीड तिसऱ्या फोल्डरमध्ये घाला आणि तो रोज सकाळी सगळ्यात आधी उघडा. वर्गणी एकाच ठिकाणी भरा, तीही तुमच्या कामाच्या विषयावर, आणि सहा महिन्यांनी मागचे अंक काढून पाहा: त्यातलं किती तुमच्या कामी आलं, त्यावर पुढची वर्गणी ठरवा.