‘अ’ की ‘ॲन’? संध्याकाळच्या इंग्रजी क्लासला साडेतीन स्टार

कराडला तहसील कचेरीबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. मराठी अर्जाचं काही अडत नाही. इंग्रजी मसुदा असला की वकीलसाहेब लाल पेनानं ‘अ’ खोडून ‘ॲन’ करणार, नाहीतर उलटं. "ताई, परत प्रिंट काढा." कागद माझा, शाई माझी. शेवटी वैतागून स्टँडमागचा क्लास लावला. सहा आठवडे, अठराशे रुपये.

शाळेत ए, ई, आय, ओ, यू घोकून घेतलं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी ते विसरायला लावलं. स्पेलिंगकडे बघायचं नाही. शब्द कानाला येतो तसा देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. युनिव्हर्सिटीत य, वन-टाइम सेटलमेंटमध्ये व, म्हणून दोन्हीला ‘अ’. तासाच्या ‘अवर’मधला एच मुका, म्हणून ‘ॲन अवर’. एनओसीला ‘ॲन’, एफआयआरलाही ‘ॲन’. नाबार्ड मात्र आपण अक्षरं सुटी न करता वाचतो, तेव्हा ‘अ नाबार्ड स्कीम’.

वारसाच्या दाखल्यांवर माझं घर चालतं, आणि वारसाचा इंग्रजी शब्द मी अकरा वर्षं ‘हेअर’ वाचत होते! तो आहे ‘एअर’. म्हणजे ‘ॲन एअर’. पण मध्ये ‘लीगल’ आला की ‘अ लीगल एअर’, कारण लगेच पुढे जो शब्द येतो त्याचाच उच्चार बघायचा. निम्मी फी मी इथेच वसूल धरली.

या युक्तीत एक गोम आहे. आमच्यातल्या एका कंडक्टरदादांनी वहीत ‘अ यष्टी पास’ लिहिलं. य आहे ना! वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. फळ्यावर ‘यस’ आणि ‘एस’ शेजारीशेजारी लिहून एफ, एल, एम, एन, एस, एक्स सगळ्यांकडून दहा-दहादा म्हणून घेतलं. आमदाराला ‘यमेले’ म्हणणारी मीही त्यातच.

आता तक्रारी. झेरॉक्सच्या नोट्स इतक्या फिक्या की ‘ॲन’मधला एन शोधावा लागतो. पंखा एक, माणसं बावीस. आणि मुख्य म्हणजे, दोन्हींपैकी काहीच लावायचं नसतं ते कधी, हे शेवटच्या दिवशी दहा मिनिटांत उरकलं. मोजता न येणाऱ्या नामाला ‘अ’ही नाही, ‘ॲन’ही नाही, एवढं सांगून पुढच्या बॅचचे फॉर्म वाटायला घेतले. आमच्या धंद्यात खरी गरज त्याचीच होती.

परवा मोठ्या विश्वासानं ‘ॲन एव्हिडन्स’ टाइप करून दिलं. एव्हिडन्स, ए, स्वर, सगळं बरोबर. वकीलसाहेबांनी ‘ॲन’वर काट मारली आणि शेजारी काहीच लिहिलं नाही.