मोजून खावं की घड्याळ बघून?

साखर कमी करा, चालणं वाढवा, झोप पुरी घ्या, पाकिटातलं कमी खा. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं आणि ते बरोबरही आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. घोडं अडतं ते पुढे. रोज उठून नेमकी कशावर नजर ठेवायची? किती खाल्लं यावर, की कधी खाल्लं यावर?

मी दोन्ही करून पाहिलंय. आधी नऊ महिने कॅलरी मोजल्या. मधे चार महिने काहीच केलं नाही. आता अडीच वर्षं घड्याळ बघून खातोय: सकाळी साडेदहाच्या आधी काही नाही आणि रात्री साडेआठनंतर काही नाही. काट्याचं म्हणाल तर मोजणीवर 91 चे 82 झालो, मधल्या चार महिन्यांत 86 वर गेलो आणि घड्याळावर 81 पर्यंत आलो. तेव्हापासून 80 ते 82 च्या मधे हेलकावे खातोय. म्हणजे उतरण्याचा वेग मोजणीचा चांगला होता. तो मुद्दा मी आधीच कबूल करून टाकतो.

माझ्या एकट्याच्या काट्यावर विसंबून राहू नका. नेमकी हीच तुलना शिकागोच्या संशोधकांनी केली होती, 2023 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 90 माणसं, एक वर्ष. एका गटाला सुरुवातीला दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्याच वेळात खायला सांगितलं, मोजायचं काही नाही. दुसऱ्याला गरजेपेक्षा 25 टक्के कमी कॅलरी, मोजून. तिसरा गट नेहमीसारखा. वर्षाअखेरी तिसऱ्या गटाच्या तुलनेत घड्याळवाल्यांचं वजन सुमारे साडेचार किलोनं आणि मोजणीवाल्यांचं सुमारे साडेपाच किलोनं कमी होतं. या दोघांमधला फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरावा एवढा नव्हता. मला त्यातली गंमत वाटली ती वेगळीच: घड्याळवाले न मोजताही दिवसाला सुमारे 400 कॅलरी कमीच खात होते. घड्याळात जादू नाही. तीही मोजणीच, फक्त वही आपल्या हातात नसते.

आणि ही वही हातात असण्याचे फायदे आहेत. आपण किती खातो याचा आपला अंदाज भयंकर चुकतो. 1992 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, 'मी इतकं कमी खातो तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्यांचं खाणं प्रत्यक्ष तपासलं, तर ते सांगत होते त्याहून बरंच जास्त निघालं. प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी सांगत होते बिचारे. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मीही त्यातलाच. जेवण माझं बेताचंच होतं. गोम होती ती ओट्यापाशी उभ्यानं तोंडात टाकलेल्या गोष्टींत, मुलाच्या ताटात उरलेल्या चार घासांत आणि दिवसातल्या पाचव्या गोड चहात. पहिल्या आठवड्यात हे सगळं लिहून काढलं आणि रात्री बेरीज बघून गप्प बसलो. ते शिक्षण घड्याळानं मला कधीच दिलं नसतं.

मग मोजणी सोडली का? तेलामुळे.

स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, प्रथिनांच्या नि पिष्टाच्या ग्रॅममध्ये 4. म्हणजे मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. तेलाचा अंदाज चुकला की दिवसाचा हिशेब कोसळतो. आता आमच्या घरी चौघांचं एकाच पातेल्यात शिजतं आणि स्वयंपाक बहुतेक वेळा बायको करते. ती हातानं घालते, चमच्यानं नाही. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये त्या पदार्थाचं नाव असतं, पण तो कोणा तिसऱ्याच्याच घरचा पदार्थ. म्हणून मी रोज विचारायचो, "आज तेल किती घातलंस?" पहिले काही दिवस ती उत्तर द्यायची. मग "नेहमीएवढं" म्हणू लागली. मग मी पातेलं काट्यावर ठेवून, आधी रिकामं, मग भरलेलं, अशी वजनं घेऊ लागलो आणि बाकीचे ताटं घेऊन माझ्याकडे बघत बसू लागले. जेवण गार व्हायचं.

सातव्या-आठव्या महिन्यात एक दिवस घरी आलो तर गॅसशेजारी एक चिठ्ठी होती. 'तेल चार चमचे. दाण्याचं कूट दोन.' भांडण नाही, टोमणा नाही, नुसती चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी ती आकडेवारी इमानदारीत ॲपमध्ये भरत राहिलो. दोन आठवड्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वजन माझं कमी होतंय आणि हिशेबनीस मात्र बायको झाली आहे. चिठ्ठ्या बंद करायला मीच सांगितलं. त्यानंतर महिनाभरात मोजणी आपोआप ढिली पडली, कारण तेलाचा आकडा नसेल तर बाकीचं ग्रॅमवारी लिहिण्यात मला काही अर्थ दिसेना.

तुम्ही एकटे राहात असाल, स्वतःचं स्वतः रांधत असाल, किंवा रोज तेच ते खाऊन कंटाळत नसाल, तर हा वैताग तुम्हाला होणार नाही, आणि मग माझ्या मताचं वजनही तेवढंच कमी धरा. काहींना तर आकडे आवडतात. माझा एक मित्र सहा वर्षं मोजतोय आणि खुशीत आहे.

मला घड्याळ मानवलं ते नियम रोज तोच असल्यामुळे. लंडनमध्ये सवयींवर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला होता, कोणाला 18, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज. पण त्या गोष्टी एकसारख्या होत्या, रोज ठरल्या वेळी तीच कृती. मोजणी अशी अंगवळणी पडतच नाही, कारण समोरचं ताट रोज नवं आणि गणित रोज पहिल्यापासून. 'साडेआठनंतर नाही' हे वाक्य मात्र मला दोनेक महिन्यांनी आठवावंसुद्धा लागेना. दात घासले की विषय संपला. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी कोणाला काही विचारावं लागत नाही.

घड्याळाची बाजू घेतोय म्हणून त्याचे तोटे लपवत नाही. पहिले दहा दिवस सकाळी माझं डोकं दुखायचं आणि मी घरात कोणाशी धड बोलत नव्हतो. दुसरं, ठरल्या वेळेत वाट्टेल तेवढं खाता येतं आणि माणूस ते खातो. 2020 मध्ये 116 जणांवर बारा आठवडे झालेल्या एका चाचणीत दुपारी 12 ते रात्री 8 खाणाऱ्यांचं वजन तीन वेळा जेवणाऱ्यांपेक्षा लक्षात येण्याएवढं जास्त उतरलंच नाही, आणि जे उतरलं त्यात चरबी सोडून इतर भाग, म्हणजे स्नायू वगैरे, बराच होता. म्हणून जेवणात प्रथिनं हवीत आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायचा व्यायाम हवा. अर्थात तो मोजणीवाल्यांनाही चुकलेला नाही.

खाण्याच्या वेळेची चौकट सकाळची ठेवावी की संध्याकाळची, यावर तज्ज्ञ बहुधा सकाळ म्हणतील. लवकर खाऊन लवकर थांबलं की इन्सुलिनचं काम सुधारतं, असं लहान अभ्यासांत दिसलंय. वजन घटवून ते टिकवणाऱ्या अमेरिकनांची एक मोठी नोंदवही 1994 पासून ठेवली जाते, तीतले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक रोज न्याहारी करतात. ती मी करत नाही. कारण शास्त्रीय नाही: दिवसभरात आम्ही चौघं एकत्र बसतो ते रात्रीच्या जेवणालाच. सात वाजता एकट्यानं जेवून नंतर त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी बसणं मी दोन आठवडे केलं. तेल विचारण्याइतकंच ते वाईट होतं. म्हणून चौकटीचा शेवट मी घरच्या जेवणावर बांधला आणि सुरुवात पुढे ढकलली. दोन्ही टोकं गाठायचा हट्ट धरला असता तर हेही सुटलं असतं.

दोन्ही एकदम का करू नये, असं विचाराल. करता येतं. चीनमध्ये 139 स्थूल लोकांवर वर्षभर तसा प्रयोग झाला, 2022 मध्ये छापून आला. सगळ्यांनाच कमी कॅलरी, पण निम्म्यांना सकाळी 8 ते दुपारी 4 ची चौकटही. चौकटवाल्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, नुसत्या मोजणीवाल्यांचं 6.3. हा फरकही ठाम धरता येईल एवढा निघाला नाही. एवढ्यासाठी दुहेरी ताप मी तरी घेणार नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर घड्याळाच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. खाण्याबद्दलचा मानसिक त्रास पूर्वी झालेला असेल तर दोन्हींपासून लांबच राहिलेलं बरं, आकड्यांपासून तर नक्कीच. रात्रपाळीवाल्यांना माझी चौकट जशीच्या तशी लागू नाही.

कोणी अगदी खनपटीलाच बसलं तर मी म्हणेन: तीन आठवडे मोजा. फक्त तीन, शिकण्यापुरते, आणि त्यात घरच्यांना एकदाच त्रास द्या. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका, त्यातलं बरंचसं पाणी असतं. मग ॲप काढून टाका आणि एक वेळ ठरवा, तुमच्या घरच्या जेवणाला धरून. माझ्याकडे रात्री नऊला पाहुणे आले तर मी त्यांच्याबरोबर नऊलाच जेवतो. दुसऱ्या दिवशी पहिला चहा साडेदहाऐवजी साडेअकराला, एवढाच काय तो फरक.