पासष्ट की मीटर?

रिमोटवरची शिडाची बोट घ्यायची हे एकदा ठरलं की पुण्यात खरा प्रश्न मापाचाच उरतो: ६५ सेंटीमीटरची घ्यावी की एक मीटरची? ९५ची मधली बहीण आहे, तिच्याकडे पुढे येतो. चाळीस-पंचेचाळीसच्या छोट्या बोटी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात छान फिरतात, पण उघड्या पाण्यावर महिन्याभरात मन भरतं, म्हणून त्या इथे घेत नाही.

मी पासष्ट घेतली. त्याआधी एका मित्राची मीटर बरेच दिवस चालवली आणि आजही तो देईल तेव्हा चालवतो. तेव्हा पुढे लिहितोय ते मोजून-मापून काढलेलं नाही, हाताला जाणवलेलं आहे. तुमचं घर, तुमचं वाहन, तुमचं वय वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

पासष्ट म्हणजे आरजी-६५ या वर्गाच्या, म्हणजे शर्यतीसाठी ठरवून दिलेल्या, मापाची. बहुतेक जण तयार ड्रॅगनफोर्स ६५ घेतात. मीटर म्हणजे आयओएम, इंटरनॅशनल वन मीटर. आधी मीटरबद्दल चांगलं बोलून घेतो, कारण ते खरंच आहे. वर्गाच्या नियमानेच ही बोट ४ किलोच्या खाली जात नाही आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन खाली फिन (बोटीखालचं उभं पातं) आणि बल्ब (त्याच्या टोकाचा जड गोळा) यांत असतं. वारा मध्येच पडला तरी ती मिळालेल्या वेगावर पुढे सरकत राहते. टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलताना, हे सगळ्यात जास्त कळतं. मीटरचं सुकाणू वळवलं की ती संथपणे वाऱ्याच्या डोळ्यातून पार होते, शिडं दुसऱ्या बाजूला भरतात आणि आपल्याला विशेष काही करावं लागत नाही. पासष्ट सव्वा किलोच्या आसपास. वेग नसताना घाईने सुकाणू मारलं तर ती नाक वाऱ्यात खुपसून उभी राहते, शिडं फडफडत राहतात, आणि मग उलटं सरकत तिला एका बाजूला पाडून घ्यावं लागतं. शिकायला हे उत्तम असं म्हणतात. म्हणोत बापडे, पण काठावर चार माणसं बघत उभी असली की शिकण्याचा उत्साह जरा कमी होतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. बोट लांब गेली की पासष्टचं शीड कुठल्या बाजूला आहे हे मला चष्मा लावूनही नीट कळत नाही. मीटर त्याच अंतरावर स्पष्ट दिसते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये. आणि पाठीमागून जोराचा झोत आला की पासष्टचं नाक पाण्यात जातं, कधी कधी पार डोलकाठीपर्यंत. लहान शिडांचा दुसरा संच लावला की हे बरंच आटोक्यात येतं, तरी मीटरचा दिमाख वेगळाच.

इतकं सगळं असून मी पासष्ट का घेतली? कारण मीटरची डोलकाठी.

आयओएमच्या मोठ्या, म्हणजे ‘ए’ संचाच्या मुख्य शिडाची पुढची कडच १६०० मिलिमीटर असते. त्यावर डोलकाठीची उरलेली लांबी आणि पेटीच्या भिंती धरल्या की जवळजवळ दोन मीटरची पेटी होते. मी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि जिना प्रत्येक वळणावर असा वळतो की नवीन कपाटसुद्धा गॅलरीतून दोरीने वर घ्यावं लागलं. वाहन म्हणाल तर अ‍ॅक्टिव्हा. मागे बसलेल्याने ती पेटी आडवी धरली तर लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंची रहदारी अडते, उभी धरली तर मिरवणूक निघाल्यासारखं दिसतं. रिक्षावाले पेटी बघूनच मान हलवतात. मित्राकडे चारचाकी आहे. पुढची सीट पूर्ण आडवी केली की पेटी मावते, पण मग बोट, पेटी आणि तो, एवढेच जातात. मी मागून स्कूटरवर.

हेही चाललं असतं. काठावर गेल्यावर जे सुरू होतं ते मात्र माझ्याच्याने झालं नाही. मीटरच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंना ताण-तारा असतात, मागे एक, पुढे जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड. सगळं अडकवायचं, टर्नबकल फिरवून दोन्ही बाजूंचा ताण सारखा करायचा, लांबून एक डोळा मिटून डोलकाठी सरळ आहे का बघायचं, मग शिडांच्या दोऱ्या विंचला, म्हणजे त्या ओढणाऱ्या मोटरला, जोडायच्या. तारांच्या टोकाला पिन आणि पिनेला मुगाच्या दाण्याएवढी स्टीलची रिंग. ती नखाने उघडायची असते आणि ती नेमकी गवतात पडते. मित्र आता खिशात चुंबक घेऊन फिरतो, पण रिंग चांगल्या स्टीलची असेल तर चुंबकाला ती दिसतच नाही. सराईतांना हे सगळं पंधरा मिनिटांत जमत असेल. आमचा सहज अर्धा तास जायचा. उन्हाळ्यात पुण्याचा पश्चिमेचा चांगला वारा दुपार कलल्यावर येतो आणि अंधार पडायला मग फार वेळ नसतो. त्यातला अर्धा तास गुडघ्यावर बसून रिंगा शोधण्यात घालवणं मला फार लागलं.

पासष्टच्या या बोटीला बाजूच्या तारा नाहीतच. डोलकाठी शिडांसकट उचलायची, डेकवरच्या भोकात घालायची, पुढचा हुक, मागची दोरी, शिडं ओढायच्या दोन दोऱ्या, झालं. चपला काढून पाय धुवेपर्यंत बोट पाण्यात. शिडांसाठी मी सनपॅकची चपटी पेटी केली आहे. निवडणूक संपल्यावर चौकात पडून राहिलेल्या बोर्डाचाच तुकडा, आतून अजून कोणाचे तरी जोडलेले हात दिसतात. ती पट्ट्याने खांद्याला अडकते, बोट पायाशी उभी राहते.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. पाषाण आणि कात्रजच्या तलावांत जलपर्णीचा सुळसुळाट असतो तेव्हा कुठलीच बोट उपयोगाची नाही. उभ्या फिनला एक लांब मूळ अडकलं की मीटर मंदावते आणि पासष्ट थांबते. हिवाळ्यात पाषाणला पक्षी असतात, तेव्हा तिथे नेऊही नये. खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) बाजूचा काठ अर्थातच आपला नाही, आणि बाकी कुठेही आधी विचारून घ्यावं. मला सगळ्यात आवडतं ते ओळखीच्या माणसाचं शेततळं. गवत नाही, वारा मोकळा. एकच काळजी: अस्तराचा प्लास्टिक कागद फार निसरडा असतो आणि उतार तीव्र. बोट मध्ये अडकली तर आत उतरू नका. टेनिस बॉलला मासेमारीची नायलॉनची दोरी बांधून बोटीच्या पलीकडे फेकायची आणि दोरी हळूहळू ओढून बोट काठाला आणायची. इथे हलकी बोट पुन्हा सोयीची पडते. चार किलोची वस्तू बॉलने ओढताना दोरी तुटेल की काय असं वाटत राहतं. शिवाय मीटरचा जड बल्ब काठाशी अस्तराला घासला तर शेतकरी पुढच्या वेळी फाटक उघडणार नाही.

पैशांची तुलना जवळजवळ होतच नाही. चांगली मीटर पासष्टच्या कितीतरी पट जाते आणि लांब पार्सलचा कुरिअर खर्च वेगळा. पासष्टला चार पेन्सिल सेल पुरतात, ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात. सर्व्हो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) किंवा रिसीव्हर बिघडला तर तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बदली मिळण्याची आशा असते, शिडं आणि फिन मात्र दोन्हींची बाहेरूनच येतात.

आता ९५. ड्रॅगनफ्लाइट ९५ दोन किलोच्या आसपास, हिलाही बाजूच्या तारा नाहीत, आणि टॅक पासष्टपेक्षा बराच सुखाचा. चारचाकी असेल, घर तळमजल्यावर असेल किंवा लिफ्ट बऱ्यापैकी उंच असेल, तर मी कदाचित हीच सुचवीन. मीटर मी त्यालाच सुचवीन ज्याला काठावरची जुळवाजुळव हाच छंद वाटतो. अशी माणसं आहेत, माझा मित्र त्यातलाच, आणि त्याची बोट माझ्या बोटीपुढे नेहमीच असते.

पासष्टच घेणार असाल तर पहिल्याच ऑर्डरमध्ये ‘बी’, म्हणजे लहान शिडांचा संच मागवा. नंतर एकटा मागवला तर कुरिअरच शिडांहून महाग पडतं, आणि जूनच्या वाऱ्यात ‘ए’ संचावर बोट निम्मा वेळ पाण्याखालीच असते. सोबत जादा फिन नको, जादा सुकाणू मात्र घ्या. जिन्यात आपटतं ते तेच.